१,४०० हेक्टर माळ पूर्ववत करायचाय : मेंढरं, सोलर, ऊस आणि झाडं यांचं जमवायचं कसं?

शिवार_सोलापूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. उत्तर सोलापूर आणि मोहोळच्या शिवेवर पाच गावांत मिळून सलग १,४०० हेक्टर माळ आहे. त्यातला ५२० हेक्टर वनखात्याचा, ३१० गायरान आणि उरलेला ५७० खाजगी. खाजगीपैकी बहुतेक पोटखराब (शेतीला निकामी म्हणून आकारणीतून सोडलेली) नाहीतर बरड पडीक. गवताळ माळ पुन्हा उभा करण्याचा दहा वर्षांचा आराखडा लिहितोय. मातीची खोली, उतार, ओढे, गवताच्या जाती, पक्षी या सगळ्याची पाहणी झाली आहे. गाडं अडलंय ते जमिनीच्या वापरावर.

पैसे देणाऱ्या कंपनीला हेक्टरी १,१०० झाडं हवीत. गायरानातल्या ६० हेक्टरवर सौर कृषी वाहिनीचा (शेतीला दिवसा वीज देणाऱ्या सरकारी सौर योजनेचा) प्रस्ताव आलाय. आणखी ४० हेक्टर गायरान वर्षानुवर्षं कसलं जातंय. पावसाळ्यात पाचही गावांची मिळून २,००० मेंढरं याच माळावर असतात. कालव्याच्या अंगाला लोक खाजगी माळ फोडून ऊस लावतायत. आणि काळवीट वाढली तर ज्वारी-तूर कोण राखणार, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतोच.

गाभा, चराई, उत्पादन असे तीन झोन पाडून रंगीत नकाशा केलाय. पण तो ग्रामसभेत पाच मिनिटंही टिकेल असं वाटत नाही. सुरुवात कुठून करावी?

गटनंबर

नकाशा गुंडाळून ठेवा आणि आधी गटवार तक्ता करा. उपग्रहाच्या चित्रावर काढलेली सीमा आणि सातबारावरची सीमा यांत सोलापुरात काय होतं ते माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याने दाखवून दिलंय. १९७९ ला ८,४९६ चौरस किलोमीटर एका झटक्यात अधिसूचित केले. त्यात शेतं आली, गावठाणं आली, अख्खे तालुके आले. वनखात्याच्या ताब्यात प्रत्यक्ष जमीन त्याच्या मानाने मूठभर. पुढची तीस वर्षं जमिनीचं, उद्योगाचं काहीही अडलं की लोक पक्ष्याच्या नावाने बोटं मोडायचे. शेवटी क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर माळढोक म्हटलं की कपाळाला आठी, हे पक्कं झालं होतं.

तक्त्यात प्रत्येक गटासमोर हे हवं: सातबारावरचा भोगवटादार, इतर अधिकारातली नोंद (गुरचरण, वन, बोजा, कूळ), पोटखराब अ (खडकाळ, निकामी) की ब (रस्ता, ओढा अशा सार्वजनिक वापराची), आणि आज तिथे खरोखर कोण काय करतंय. शेवटचा रकाना तलाठ्याकडे मिळत नाही, तो शिवारफेरीत भरायचा. तलाठी कार्यालयातून गाव नमुना १-अ (वनजमिनी), १-ब (सरकारी जमिनी) आणि १-ई (अतिक्रमणं) या नोंदवह्यांच्या नकला काढा. वनखात्याचा नकाशा आणि भूमी अभिलेखचा गटनकाशा एकमेकांवर ठेवलेत की दोन्हींच्या मधल्या पट्ट्या उघड्या पडतील. भांडणं त्याच पट्ट्यांत होतात. तेवढ्यापुरती सरकारी मोजणी लावा. १,४०० हेक्टरची मोजणी करायला जाल तर आराखड्याचा पैसा मोजणीतच जाईल.

पोटखराबाकडे नीट बघा. आकारणी नसलेली, शेतीला निकामी म्हणून सोडलेली ही जमीन म्हणजेच तुमचा माळ. २०१८ च्या नियमदुरुस्तीनंतर पोटखराब अ जमीन सुधारली तर ती लागवडीखाली दाखवता येते. म्हणजे कागदावर जी जमीन 'कायमची पडीक' धरून चालला आहात, ती मालक कधीही फोडू शकतो. खाजगी ५७० पैकी किती पोटखराब अ आहे हा आकडा काढल्याशिवाय दहा वर्षांचं काहीच लिहू नका.

कसल्या जाणाऱ्या ४० हेक्टरचं. तिला सरसकट अतिक्रमण म्हणून हात घातलात की प्रकल्प तिथेच संपला. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरची शेती नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे. कित्येकांचे दावे त्याखाली बसतात, पण कागद पुढे सरकलेला नसतो. असे गट वेगळे काढा आणि आराखड्याच्या सीमेबाहेर ठेवा. उलट त्यांचा प्रस्ताव तहसीलला जायला मदत केलीत तर ग्रामसभेतला निम्मा विरोध मावळेल. नंतर धनदांडग्यांनी वळवलेले पट्टे हे वेगळं प्रकरण. तिथे सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग खटल्यातला २८ जानेवारी २०११ चा, गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं हटवण्याचा निकाल ग्रामपंचायतीच्या हातात आहे. हे दोन्ही गट एकाच रकान्यात टाकू नका.

पवन्या

झाडांचं आधी मिटवा, कारण त्यावर बाकी सगळं ठरतं.

हेक्टरी १,१०० म्हणजे ३ मीटर × ३ मीटर अंतर. केंद्राच्या ग्रीन क्रेडिट योजनेच्या (झाडं लावण्याबद्दल श्रेय देणाऱ्या) फेब्रुवारी २०२४ च्या पद्धतीत हाच किमान आकडा होता, म्हणून कंपन्या तो घेऊन येतात. आता खड्ड्यांचा हिशेब. ४५ सेंमीचा चौकोनी खड्डा म्हणजे ०.०९१ घनमीटर. १,१०० खड्डे म्हणजे हेक्टरी १०० घनमीटर मुरूम वर. माती जर १० ते १५ सेंमीच असेल तर यातला बहुतेक खालचा कच्चा मुरूम आहे, तो गवतावर पसरतो आणि तिथे पहिल्या पावसात गाजर गवत नाहीतर रानतुळस येते. सोबत सलग समतल चर (पाणी अडवायला उताराला आडवा खणलेला) असतोच. ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल, १० मीटर अंतरावर धरला तर हेक्टरी १,००० मीटर लांबी आणि १८० घनमीटर खोदाई. चर आणि त्याचा भराव मिळून १२ ते १५ टक्के जमीन उलटीपालटी होते. जेसीबीची चाकं वेगळीच. पवन्या, मारवेल, डोंगरी गवत ही बहुवर्षायू गवतं. त्यांचं ठोंब एकदा उखडलं की शेजारी बी असूनही जागा भरायला वर्षं लागतात.

सोलापूरचा पाऊस सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास, तोही बराचसा सप्टेंबरच्या भरवशावर. अशा माळाची दाट झाडी ही मूळची स्थितीच नाही. लागवडीत जगतं ते गिरिपुष्प, आणि त्याखाली गवत राहत नाही. २०१९ च्या ३३ कोटी वृक्षलागवडीच्या आधीपासून माळांवर हेच चाललंय. कागदोपत्री 'पडीक', म्हणून लागवडीला मोकळी.

कंपनीला नाही म्हणू नका, मोजण्याचं माप बदलून द्या. झाडं हवीत ना? ओढ्याच्या काठाने, बांधावर, पाणवठ्याजवळ बोर, हिवर, बाभूळ, हिंगणबेट, निंब लावा की. पूर्ण क्षेत्रावर सरासरी हेक्टरी २० ते ३० बसतात. पण उघड्या माळाच्या मधोमध एकही नको. धाविक, चंडोल, पखुर्डी, तणमोर हे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, आणि मधोमध झाड म्हणजे शिकारी पक्ष्याला टेहळणीचा बुरूज. उरलेला पैसा या कामांना द्यायला सांगा: गवताचं बी गोळा करणं, वेडी बाभूळ (झपाट्याने पसरणारी परदेशी काटेरी बाभूळ) काढणं, जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे), ठरावीक चौकटींतल्या गवताची मोजणी, राखणदारांचा पगार. अहवालात 'जगलेली झाडं' ऐवजी 'हेक्टरी कोरडं गवत किती किलो' आणि 'बहुवर्षायू गवताचं आच्छादन किती टक्के' हे रकाने द्या. दरवर्षी तपासता येतो असा आकडा दिला की पैसे देणारे बहुधा ऐकतात.

बियांबद्दल एक गोष्ट, कारण इथे हमखास फसतं. ऑक्टोबरात गोळा केलेलं मारवेल-पवन्याचं बी काही महिने झोपेत असतं. पुढच्या मृगाला पेरलं तर थोडंफार उगवेल, पण वर्षभर हवेशीर पोत्यात ठेवलेलं बी जास्त भरवशाचं. केसाळ बी वाऱ्याने उडतं, म्हणून गाळाची माती आणि शेण यांत कालवून गोळ्या करायच्या. १ सेंमीपेक्षा खोल गेलं की संपलं. हेक्टरी ४ ते ६ किलो पुरतं, आणि तेही फक्त उघड्या बोडक्या ठिकाणी. जिथे ठोंब जिवंत आहेत तिथे पेरू नका, फक्त विश्रांती द्या.

खांडवाडा

वरच्या दोन्ही उत्तरांत मेंढरांचं कोणी बोललं नाही, आणि नेहमी तेच शेवटी राहतं.

तीन झोनचा नकाशा का टिकणार नाही ते सांगतो. मेंढक्यांना जागेपेक्षा महिना महत्त्वाचा. दख्खनी मेंढराला मुसळधार पाऊस आणि चिखल सोसत नाही, म्हणून पावसाळ्यात वाडे (मेंढक्यांचे तळ) कोरड्या पट्ट्यात, म्हणजे याच माळावर येतात. दिवाळीनंतर पिकं निघाली की रानं मोकळी होतात, खांड (मेंढरांचा कळप) शेतात बसवतात, शेतकऱ्याला खत आणि मेंढक्याला धान्य नाहीतर पैसे. म्हणजे माळाची गरज सर्वांत जास्त कधी? जून ते ऑक्टोबर. गवत फुलून बी टाकतं कधी? तेव्हाच. पक्ष्यांची विणही तेव्हाच. 'गाभा क्षेत्रात पावसाळ्यात चराईबंदी' हे एक वाक्य कागदावर फार सरळ दिसतं, पण त्याचा अर्थ २,००० मेंढरं नेमक्या त्या चार महिन्यांत रस्त्यावर.

पूर्वी या ताणाला एक वाट होती. आपला भाग रब्बीचा. मालदांडी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यानंतर पेरायची, तोवर काळी रानं खरिपात मोकळी असायची आणि खांडं तिथे चरायची. आता बार्शीपासून उत्तर सोलापुरापर्यंत त्या रानांत सोयाबीन, उडीद आले. मेंढरं तेवढीच राहिली तरी बऱ्याच गावांत माळावरचा भार वाढला तो यामुळे. आराखड्यात 'अतिचराई' एवढंच लिहिलंत तर कारण चुकेल आणि उपायही.

आधी चारा मोजा. मृगाच्या आधी १ मीटर × १ मीटरचे जाळीचे पिंजरे ठोका, नाहीतर मेंढरं मोजायचंच गवत खातील. ऑक्टोबरअखेर आतलं गवत कापून, वाळवून वजन करा. ग्रॅमला दहाने गुणलं की हेक्टरी किलो. खराब माळावर ८० ग्रॅमच्या आसपास येतं, म्हणजे हेक्टरी ८०० किलो. सगळं चारायचं नसतं, अर्धं ठेवायचं.

तुमचेच आकडे घालतो. वन आणि गायरान मिळून ८३०. त्यातून कसले जाणारे ४० आणि सोलरचे ६० वजा केले की ७३० हेक्टर. गुणिले ८०० किलो म्हणजे ५८४ टन, त्यातलं चरण्याजोगं २९२ टन. एका मेंढराला दिवसाला १.२ किलो कोरडा चारा धरा. २,००० मेंढरं, १२० दिवस, म्हणजे २८८ टन. गावची गुरं आणि शेळ्या धरलेल्याच नाहीत. म्हणजे आजच काठावर आहे. त्यातला एक तृतीयांश पूर्ण बंद केलात तर उरतो १९५ टन. ९३ टनांची तूट शेजारच्या गावाच्या माळावर जाते, आणि तुमच्या अहवालात मात्र माळ हिरवागार दिसतो. आणि हे बऱ्या पावसाचं साल. २०१५ किंवा २०१८ सारखं साल आलं की उत्पादन निम्म्यावर येऊ शकतं. हिशेब दुष्काळी सालाचा करा.

म्हणून जागा बंद न करता दिवस बंद करा. माळाचे तीन भाग. दरवर्षी फक्त एका भागाला १५ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर विश्रांती, पुढच्या वर्षी दुसऱ्याला. तीन वर्षांत प्रत्येक भागाला एकदा पूर्ण बी टाकायला मिळतं. विश्रांतीच्या भागात त्याआधी, जुलैत, हलकी चराई चालते. कुसळी गवताला तर ती हवीच, कारण कुसळी कोवळी असतानाच खाल्ली जाते. कुसळं धरली की ती लोकरीत घुसतात, कातडी आणि तोंड फोडतात, मग मेंढरू तिकडे फिरकत नाही आणि ती जागा कुसळीचीच होते.

ढोबळ अडीच महिन्यांची तूट भरायला प्रकल्पाचा पैसा वापरा. काही शेतकऱ्यांना खरिपात रान मोकळं ठेवून खांड बसवायला मोबदला द्या. त्यांना खत मिळतं, ज्वारी तशीही नंतरच पेरायची आहे. पण हे ऑगस्टच्या मध्यापासून पेरणीपर्यंतच, म्हणजे महिना-सव्वा महिना. उरलेल्या दिवसांना खाजगी माळावरचं कापलेलं गवत लागेल.

बैठकीची तारीखही यावरच ठरवा. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा ठरलेल्या असतात. जानेवारीत मेंढके बाहेर आणि ऊसतोडीवाले कारखान्याच्या पट्ट्यात. त्या ग्रामसभेत चराईचा ठराव एकमताने होतो, कारण हरकत घेणारं कोणी नसतंच. हा विषय १५ ऑगस्टलाच ठेवा. आणि वाड्यावर जाऊन आधी बोला. बाया काय म्हणतात ते विचारा, पाणवठ्याची आणि कोकरांची माहिती त्यांच्याकडे असते.

शिवार_सोलापूर

हे फार उपयोगी आहे. दोन शंका. वनखात्याच्या ५२० हेक्टरमध्ये चराईचा हक्क कागदावर आणता येतो का, की तोंडीच ठेवायचा? आणि सोलरचं काय करायचं? सरपंचांना भाडं दिसतंय, त्यांना गवताचं सांगून उपयोग नाही.

गटनंबर

पहिल्या शंकेचं उत्तर. वनहक्क कायदा २००६, कलम ३(१)(ड) मध्ये चराई आणि भटक्या पशुपालकांचा हंगामी वापर दोन्ही येतात. अडचण पुराव्याची. धनगर आपल्याकडे भटक्या जमाती क मध्ये, अनुसूचित जमातीत नाहीत, म्हणून इतर पारंपरिक वननिवासी या वर्गातून जावं लागतं आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा वापर दाखवावा लागतो. जुन्या चराई पावत्या, वनखात्याचे दंड झाल्याचे कागद, गावच्या वडीलधाऱ्यांचे जबाब, देवस्थानाच्या वाटा, मेंढरांच्या पाण्याची ठिकाणं, हे सगळं चालतं. दंडाची पावती म्हणजे उत्तम पुरावा, लोक ती लाजेने लपवतात. पशुपालकांचे दावे आले की नाहीत हे बघण्याची जबाबदारी नियमांनी जिल्हास्तरीय समितीवर टाकली आहे, तेव्हा तिकडे पत्र द्या. गणपूर्तीत चुकू नका. साध्या ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांत कमी असेल ते पुरतं. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. इथेच बहुतेक ठराव पडतात.

५२० पैकी काही गट अभयारण्यात येत असतील तर वन्यजीव कायद्याच्या कलम २९ ची (अभयारण्यातल्या अधिवासाला धक्का लावण्यास मनाई करणाऱ्या) भीती घालतात. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात, कलम ३३(ड) खाली परवानगी असलेली चराई मनाई धरलेली नाही. म्हणजे वाट आहे, फक्त ती मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कागदावरून जाते. व्यवस्थापन आराखड्यात तुमचं वरचं वेळापत्रक घालून घ्या.

मेगावॅट

सोलरवर मी जरा उलट बोलणार आहे. सौर कृषी वाहिनी २.० मध्ये खाजगी जमिनीला वर्षाला हेक्टरी १ लाख २५ हजार भाडं आहे, वर दरसाल ३ टक्के वाढ. बरड माळावर हेक्टरी दोन-तीन टन गवत आलं तरी त्या रकमेच्या आसपास पोचत नाही. त्यामुळे 'गवतातून जास्त मिळेल' असं गावाला सांगू नका, कोणी मानणार नाही आणि ते खरंही नाही. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणार आहे, ही मागणीही खोटी नाही.

पण खाजगी मालकाला मिळणारं हे भाडं गायरान दिलं तर गावकऱ्यांच्या खिशात येत नाही. सरकारी जमीन नाममात्र दराने जाते. तेव्हा वाद 'सोलर की गवत' असा न ठेवता 'सोलर कुठे' असा ठेवा. वीज उपकेंद्रापासून अंतर ही योजनेची मुख्य अट. १ मेगावॅटला साधारण ४ ते ५ एकर लागतात. तेव्हा उपकेंद्राभोवती ५ किलोमीटरचं वर्तुळ काढा आणि त्यात आधीच मोडलेल्या जागा शोधा: बंद खडी केंद्र, रस्त्याच्या कामाला मुरूम काढून झालेले खड्ड्याचे गट, वेडी बाभळीने भरलेले खाजगी पडीक. मुरूम काढलेल्या गटावर गवत परत यायला फार काळ जातो, तिथे पॅनेल बसले तर हरकत काय? त्या गटांचे खाजगी मालक हेक्टरी सव्वा लाखाला आनंदाने तयार होतात.

जिल्हाधिकाऱ्यांकडे जाताना जमीन महसूल संहितेचं कलम २२-अ धरा. गुरचरण दुसऱ्या वापराला देण्यावर त्यात बंधन आहे आणि दुसरी योग्य सरकारी जागा उपलब्ध आहे का, हा मुद्दा तिथे येतो. पर्यायी जागा गट क्रमांकासह तुम्हीच पुढे केलीत तर प्रस्ताव हलण्याची शक्यता वाढते. नुसती हरकत फाइलीला लागून पडते. आणि खांडवाडांच्या हिशेबाने ६० हेक्टर म्हणजे २४ टन चारा, म्हणजे २,००० मेंढरांचे १० दिवस. हा आकडा अर्जात घाला. 'जैवविविधता' या शब्दापेक्षा दहा दिवस लवकर समजतात.

उसाचं खरं कारण पाणी एवढंच नाही, गाळसुद्धा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' मधून तलावातला गाळ उचलून लोक बरडावर टाकतात. १५ सेंमीचा थर म्हणजे हेक्टरी १,५०० घनमीटर, सुमारे ५३० ब्रास. एवढं टाकलं की पोटखराब हे शेत होतं आणि पुढे ठिबकवर ऊस. एकदा गाळ पडला की तो गट माळ म्हणून विसरा. म्हणून गाळ उचलण्याचे अर्ज येतात तेव्हाच ग्रामपंचायतीने बघायचं की तो हलक्या पण आधीपासून कसलेल्या रानात जातोय की माळावर. सरकारी पैसा एका हाताने माळ वाचवायला आणि दुसऱ्या हाताने तोच माळ बुजवायला, असं होऊ देऊ नका.

पवन्या

खांडवाडांच्या तीन भागांच्या फेऱ्याला माझी थोडी हरकत आहे. जिथे बहुवर्षायू गवताचं आच्छादन १० टक्क्यांच्या खाली गेलंय तिथे एका हंगामाची विश्रांती पुरत नाही. पेरलेलं रोप पहिल्या वर्षी मेंढराने ओढलं तर मुळासकट येतं. अशा तुकड्यांना सलग दोन पावसाळे बंदी लागेल. पण ते तुकडे १० ते १५ हेक्टरचे ठेवा, एका वेळी एकूण ६० हेक्टरच्या वर नको, म्हणजे मेंढक्यांना वळसा घालता येतो. ते कुठे घ्यायचे हे त्यांनाच निवडू द्या. पाणवठ्याच्या वाटेवर कुंपण घातलंत तर तारा तुटणारच.

आणि उलट टोकही टाळा. पाच-सहा वर्षं पूर्ण बंद ठेवलेला माळ उंच वाळक्या गवताने भरतो, खालच्या ठोंबाला उजेड मिळत नाही, फेब्रुवारीत एक विडी पुरते. काळवीटसुद्धा अशा उंच गवतात थांबत नाही, त्याला आखूड गवत आणि लांबवर नजर हवी. मग ते थेट शेतात उतरतं. तुमच्या बैठकीतला ज्वारीचा प्रश्न त्यामुळे अर्धा चराईचाच आहे. माळावर आखूड गवताचे पट्टे राहिले तर दबाव कमी होतो. शेताच्या कडेला करडईच्या चार-सहा ओळी ही आपल्याकडची जुनी रीत आहेच, काटा धरला की जनावर आत शिरायला कचरतं. पण करडई काटा धरेपर्यंत ज्वारी कोवळी असते, त्या पहिल्या महिनाभराची राखण प्रकल्पाच्या खर्चात धरा.

गवत कापणीची तारीखही लिहून ठेवा. चाऱ्याच्या दृष्टीने फुलोऱ्यात, सप्टेंबरअखेर कापणं चांगलं, पण तेव्हा घरट्यांत पिल्लं असतात आणि बी धरलेलं नसतं. खाजगी गटांत फुलोऱ्यात कापा, वनखात्याच्या भागात ३१ ऑक्टोबरनंतर. लिलावाच्या अटींत तारीख घातली नाही तर ठेकेदार त्याच्या सोयीने विळा लावणार.

गटनंबर

खाजगी गवताचे करार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचे असतील तर भाडेपट्टा नोंदणीकृतच हवा, नुसत्या बाँडवरचा कागद कोर्टात टिकत नाही. वाटणी न झालेल्या गटांत सातबारावरच्या सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या. पुण्या-मुंबईला गेलेला भाऊ चौथ्या वर्षी उगवतो आणि माळ सोलरला देऊन टाकतो, म्हणून दोन-दोन महिने आधीपासून सह्यांच्या मागे लागा. पाच वर्षांचा करार, मुदतीआधी मोडला तर नोटीस एक हंगाम आधी, एवढं तरी घाला.

खांडवाडा

पवन्यांची १०-१५ हेक्टरच्या तुकड्यांची दुरुस्ती मान्य.

वेडी बाभूळ काढण्यावर एक सूचना. ती एकदम सगळी काढू नका. गावच्या गरीब घरांचं जळण आणि काही जणांची कोळशाची मजुरी तिच्यावर आहे. वर्षाला एक पट्टा काढा, लाकूड काढणाऱ्यालाच द्या. नुसती तोडली तर बुंध्यातून दहा फुटवे येतात. जमिनीखाली २० ते ३० सेंमी खणून गड्डा काढायचा, आणि पुढची तीन वर्षं पहिल्या पावसानंतर रोपं उपटायची. उन्हाळ्यात तिच्या शेंगा मेंढरं आवडीने खातात, बी लेंड्यांतून जसंच्या तसं बाहेर पडतं. म्हणून शेंगा खाल्लेली खांडं मृगाच्या सुरुवातीला, आधीपासून बाभळीने भरलेल्या भागात आठवडाभर ठेवा, मग स्वच्छ केलेल्या पट्ट्यात सोडा. हे वाड्यावर सांगितलंत तर मानतील, कारण बाभळीचा काटा मेंढराच्या खुरात जातो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही.